वाकण्याची शपथ

इंग्रजीत ‘बक्सम’ असं एक जुनं विशेषण आहे. आज ते फारसं कुणी वापरत नाही. वापरलंच तर भरल्या अंगाच्या, उफाड्याच्या बाईसाठी, आणि तेही बोलणाऱ्याची नजर तिच्या छातीवर ठेवून. पुरुषाला कुणी बक्सम म्हणत नाही. माझी तीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली. जुन्या कथेत सरायची मालकीण आली की हा शब्द हमखास यायचा. वर्गात मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि मुली वहीत डोकं घालायच्या. मी ‘सुदृढ, गुबगुबीत’ एवढं फळ्यावर लिहून पुढच्या ओळीला जायचे. तिथे थांबायला हवं होतं. या एका शब्दाच्या पोटात बायकांकडून काय मागितलं गेलं याचा आठशे वर्षांचा हिशोब आहे, आणि त्यातली एक बाकी आपल्या कायद्यात अजून उभी आहे.

जुन्या इंग्रजीत ‘बूगन’ म्हणजे वाकणं. त्याला ‘सम’ हा प्रत्यय लागून जो शब्द झाला त्याचा अर्थ सहज वाकणारा, लवणारा. बाराव्या शतकाच्या सुमाराला तो लिखाणात दिसू लागतो. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘बीगझाम’ आजही लवचिक याच अर्थाने चालतो. धनुष्याला ‘बो’ म्हणतात, कोपराला ‘एल्बो’, ते याच घरातले. भाषेचे अभ्यासक हीच मुळी संस्कृतातल्या ‘भुज्’पर्यंत नेऊन पोचवतात. वाकते ती भुजा, वळणं घेत सरपटतो तो भुजंग. म्हणजे हा शब्द आपल्यालाही परका नाही.

सुरुवातीला या वाकण्याला बाई-पुरुष असा भेद नव्हता. देवापुढे, पोपपुढे, राजापुढे, मालकापुढे जो नम्र तो बक्सम. चौदाव्या शतकातले धर्मगुरू जॉन ट्रेव्हिसा यांनी आपल्या आश्रयदात्याला कळवलं होतं, की मी तुमच्या सगळ्या आज्ञांना आज्ञाधारक आणि बक्सम आहे. त्याच शतकाच्या अखेरीला इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधली एक व्यापाऱ्याची बायको सांगते, की बायकांना नवऱ्याकडून सहा गोष्टी हव्या असतात: तो धीट असावा, शहाणा असावा, श्रीमंत असावा, हाताचा सढळ असावा, बायकोला बक्सम असावा आणि शेजेवर ताजातवाना असावा. नवऱ्याने बायकोचं ऐकावं यासाठी हाच शब्द! पुढे शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात एका शिपाईगड्याच्या शौर्याला बक्सम म्हटलं आहे, म्हणजे तडफदार, रसरशीत. कवी मिल्टनच्या महाकाव्यात तर हवा बक्सम आहे. पंखांना वाट करून देते, अडवत नाही, म्हणून.

मग हा शब्द बाईला कुठे चिकटला?

इंग्लंडात धर्मसुधारणा होण्याआधी दक्षिणेकडच्या बऱ्याच भागात सॉल्झबरीच्या परंपरेतले लग्नविधी चालत. पूजा लॅटिनमध्ये, पण वधूवरांच्या शपथा त्यांच्या बोलीत, त्यांना कळाव्यात म्हणून. दोघंही म्हणत, की सुखात-दुःखात, आजारात-आरोग्यात मरेपर्यंत तुझा हात धरीन. वधूला मात्र एक जादा ओळ होती. तिने म्हणायचं, की मी ‘बोनेअर अँड बक्सम, इन बेड अँड ॲट बोर्ड’ राहीन. बेड म्हणजे शेज आणि बोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल. शेजेला आणि ताटापाशी मी गोड आणि नमती राहीन. वराच्या शपथेत या ओळीला जोड नव्हती. चॉसरच्या त्या बायकोने नवऱ्याकडून जे मागितलं, ते चर्चमध्ये त्याच्याकडून कुणीही मागितलं नाही.

1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश निघाला. त्यात बक्समपाशी ते जरा रेंगाळले आहेत. मूळ अर्थ आज्ञाधारक, असं नोंदवून त्यांनी जुन्या लग्नशपथेचा दाखला दिला आणि म्हटलं, की ती शपथ लोकांना नीट न कळल्यामुळेच शब्दाचा आजचा अर्थ निघाला असावा. त्यांच्या काळी तो अर्थ आनंदी, चपळ, थोडी चावट असा होता. शरीराचा भाग नंतर उरला. अलीकडचे कोशकार पायऱ्या लावून दाखवतात: आज्ञाधारक, मग मनमिळाऊ, मग आनंदी, मग धडधाकट, मग भरल्या अंगाची. या पायऱ्या खऱ्याच आहेत. तरी मला जॉन्सन यांचं बोट योग्य जागी पडलेलं वाटतं. शतकानुशतकं हजारो मुलींनी चर्चच्या दाराशी उभं राहून, शेजेचं नाव घेऊन हा शब्द उच्चारला. शेजेपासून तो पुन्हा सुटला नाही. आज्ञा झिजून गेली आणि मागे राहिलं शरीर.

त्याच ओळीतला दुसरा शब्द ‘बोनेअर’ कुठे गेला ते पाहण्यासारखं आहे. फ्रेंचमधल्या ‘द बोन एअर’चा, म्हणजे चांगल्या कुळीच्या, चांगल्या स्वभावाच्या माणसाचा तो तुकडा. पूर्ण रूप ‘डेबोनेर’. मध्ययुगात त्याचाही अर्थ सौम्य, विनयशील असाच होता. मिल्टनने आनंददेवतेचं वर्णन करताना बक्सम आणि डेबोनेर हे दोन्ही शब्द एका ओळीत शेजारी बसवले, तोवर त्यांची वाट एकच होती. पुढे ती फुटली. डेबोनेर झाला रुबाबदार, हजरजबाबी पुरुष, सूट घातलेला, सगळ्यांना हवाहवासा. आपल्या मुंबईत गेल्या शतकात ‘डेबोनेर’ नावाचं इंग्रजी मासिक निघायचं. त्यात कविता असत, गंभीर लेख असत आणि मधल्या पानावर उघड्या बाईचं छायाचित्र असे. एकाच शपथेतले दोन शब्द. एक नाव झाला बघणाऱ्याचं, दुसरा वर्णन झाला जिच्याकडे बघायचं तिचं.

शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यात एवढं काय, असं माझे भाषाशास्त्रातले मित्र म्हणतात. बदलतातच, आणि शब्द जुन्या अर्थाला बांधून ठेवता येत नाहीत हेही मला मान्य आहे. पण नदीच्या पात्रातला गोटा कुठल्या बाजूने घासला गेला यावरून पाणी कुठून येत होतं ते कळतं. वाकणं पुरुषाच्या वाट्याला आलं तेव्हा त्याचं शौर्य झालं, नाहीतर दरबारी सौजन्य. बाईच्या वाट्याला आलं तेव्हा ती व्रताची अट झाली. आपल्याकडे ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे कुणाच्या कौतुकात म्हणतात आणि ‘तूच जरा नमतं घे’ हे कुणाला ऐकवतात, ते सांगायला नको. सासरी निघालेल्या मुलीच्या कानात हे दुसरं वाक्य घालणारी बहुतेक वेळा तिची आईच असते, आणि तिने ते स्वतःच्या आईकडून ऐकलेलं असतं.

1549 मध्ये इंग्लंडच्या चर्चचं नवं प्रार्थनापुस्तक आलं. त्यातून बक्सम गेला, पण शपथ सैल झाली नाही. त्याच्या जागी वधूच्या तोंडी सरळ ‘ओबे’, आज्ञा पाळीन, हा शब्द आला. वराने म्हणायचं प्रेम करीन, जपेन. वधूने म्हणायचं प्रेम करीन, जपेन आणि आज्ञा पाळीन. विसाव्या शतकापर्यंत हे असंच चाललं. 1928 च्या सुधारित पुस्तकात तो शब्द गाळला होता, पण ते पुस्तक संसदेने नाकारलं आणि तरीही चर्चनी त्याचा वापर सुरू केला. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांनी लग्नात ‘ओबे’ म्हटलं. 1981 मध्ये डायना यांनी म्हटलं नाही, आणि ती जगभर बातमी झाली.

शपथेतून शब्द निघाला तरी मागणी निघत नाही, कारण ती कायद्यात जाऊन बसलेली असते. इंग्लंडात नवरा-बायकोपैकी एकजण घर सोडून गेला तर दुसरा धर्मन्यायालयात दाद मागू शकत असे: माझी शेज आणि माझं ताट मला परत मिळवून द्या. दांपत्य हक्क परत मिळवण्याचा हा दावा. आदेश मोडला तर आधी धर्मबहिष्कार होता, 1813 पासून सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. नावापुरता दावा दोघांसाठी खुला होता. 1882 मध्ये जॉर्जिना वेल्डन या बाईंनी तो उलटा वापरला आणि नवऱ्याविरुद्ध हुकूम मिळवला. नवरा ऐकेना. आता एका सभ्य गृहस्थाला तुरुंगात जावं लागेल असं दिसताच संसद हलली आणि 1884 मध्ये या गुन्ह्यासाठीचा तुरुंगच रद्द झाला.

त्याच 1884 मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात रखमाबाईंविरुद्ध हाच दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली, शिकली, आणि मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही म्हणाली. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. तरुण बाईला तिच्या इच्छेविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणं हे रानटीपणाचं होईल. आणि हा दावा मुळात इंग्लंडातून आणून इथे लावलेलं रोप आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. अपिलात ते सगळं उलटलं. 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. जी शिक्षा इंग्लंडने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या माणसांसाठी रद्द केली होती, ती मुंबईत एका बावीस वर्षांच्या मुलीसाठी शिल्लक होती. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन.

या वादात टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला, हे आपण मराठी माणसांनी न चाचरता सांगायला हवं. इंग्रजांनी आमच्या घरात हात घालू नये, असा त्या बाजूचा आवेश होता. पण घरात हात घातला होता तो दाव्यानेच, आणि दावा इंग्रजी चर्चचा होता. बेड आणि बोर्ड यांच्या नावाने मुंबईच्या न्यायालयात जे मागितलं गेलं, ती चौदाव्या शतकातली बक्सम वधूच होती. 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी प्रकरण मिटवलं. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटमध्ये बायकांची बाळंतपणं केली.

हिंदू विवाह कायदा 18 मे 1955 रोजी लागू झाला. त्याचं नववं कलम म्हणजे हाच दावा. लोकसभेत कोल्हापूरकडचे खासदार खर्डेकर यांनी या तरतुदीला रानटी म्हटलं, आचार्य कृपलानींनीही तिच्यावर कडाडून टीका केली. कलम राहिलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रखमाबाई वारल्या. त्यांचं वय नव्वद होतं. इंग्लंडने पुढे 1970 मध्ये कायदा करून हा दावा स्वतःच्या देशातून कायमचा काढून टाकला. आपण ठेवला.

आज तुरुंग नाही. हुकूम मोडणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. आपल्या शरीराजवळ कुणाला येऊ द्यायचं, मूल कधी व्हावं, हे ठरवणं बाईच्या हातून काढून सरकारच्या हाती देणारं हे कलम आहे, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात कलम वैध ठरवलं, लग्न मोडण्यापासून वाचवायला त्याचा उपयोग होतो म्हणून. 2018 मध्ये विधी आयोगाने कुटुंब कायद्यांवरच्या चर्चापत्रात हे कलम काढावं या बाजूने मत दिलं. 2019 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं.

मी निवृत्तीनंतर कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली, कडेवर दीड वर्षांचा मुलगा. नवरा दुसऱ्या राज्यात नोकरीला, म्हणून अर्ज तिकडच्या न्यायालयात आणि इंग्रजीत. तिने कागद घडी घालून ब्लाउजच्या बटव्यात ठेवला होता. घडीच्या जागी शाई पुसट झाली होती. ‘सोसायटी’ या एका शब्दाखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती. “बाई, ह्यात म्हणलंय मी सोसायटी सोडली. आमची सोसायटी नाही, आम्ही तर भाड्याच्या खोलीत होतो. ही कुठल्या सोसायटीची केस आहे?” कलम नऊची भाषा अशी आहे, की जोडीदार वाजवी कारणाशिवाय दुसऱ्याच्या ‘सोसायटी’तून दूर झाला. सोसायटी म्हणजे सहवास. मी तिला समजावलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाली, “त्यांनीच तर मला बसस्टँडवर आणून सोडलं.”

तिने पोटगीचा अर्ज केला होता. त्यानंतर पाच आठवड्यांनी हा कागद आला. ज्यांचा कोर्टाशी संबंध येतो त्यांना हा क्रम ओळखीचा आहे. बायको पोटगी मागते, नवरा कलम नऊ टाकतो. म्हणजे मी तर तिला बोलावतोय, तीच येत नाही, मग पैसे कशाचे द्यायचे? 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की असा हुकूम बायकोने पाळला नाही एवढ्याच कारणावरून तिची पोटगी बंद होत नाही. चांगलं झालं. पण हुकूम निघू शकतो हे तसंच राहिलं.

कलमाच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. हाकलून दिलेल्या बायकांनीही हे कलम वापरलं आहे, घरात परत जायला दुसरं दार नव्हतं म्हणून. ते खरं आहे, आणि तेव्हा ते दार उपयोगाचं होतं. आता 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क छपराचा आहे. त्यासाठी तिला कुणाच्या शेजेला जावं लागत नाही. कलम दोघांसाठी सारखं आहे, असंही म्हणतात. कागदावर आहेच, 1882 च्या इंग्लंडातही होतं. पण शेजेला परत जा असा हुकूम झाल्यावर गर्भ कुणाच्या पोटात राहील, हे कागदावर लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक आहे. आणि समेट? समेट माणसं करतात, मोठी माणसं मध्ये पडून करतात, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक करतात. त्यासाठी एकाला जिंकवून दुसऱ्याच्या घरावर जप्ती आणणारा हुकूम लागत नाही. मी ज्या कागदांची भाषांतरं केली त्यांतलं एकही जोडपं कलम नऊच्या हुकुमाने पुन्हा संसाराला लागलेलं मला माहीत नाही. माझा अनुभव एका तालुक्यापुरता, तरी तो मला बाजूला ठेवता येत नाही. हे कलम रद्द करावं, आणि इतर विवाह कायद्यांतल्या त्याच्या जोडीच्या तरतुदीही त्याच्याबरोबर जाव्यात, असं माझं मत आहे.

आपल्याकडे याला ‘नांदायला येण्याची केस’ म्हणतात. ‘नांदणं’ हा शब्द संस्कृतातल्या ‘नन्द्’वरून आला. नन्द् म्हणजे आनंदणं. सुखाने राहणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि ‘नांदा सौख्यभरे’ म्हणताना आपण आजही तोच आशीर्वाद देतो. वाकणं जसं त्या इंग्रजी शब्दातून निसटलं तसा आनंद आपल्या शब्दातून निसटत चालला आहे. कोर्टाच्या आवारात नांदणं म्हणजे नवऱ्याच्या घरी हजर असणं.

त्या मुलीला उत्तराचा मसुदा वकिलांनी करून दिला होता. त्यात तिने स्वतःचं एक वाक्य घालायला सांगितलं आणि ते माझ्याकडे इंग्रजीत आणायला आली: “मी नांदायलाच गेले होते, मला नांदू दिलं नाही.” मी आधी ‘कोहॅबिट’ लिहिलं. म्हणजे एका छपराखाली राहणं. तिला ते उलट मराठीत सांगितल्यावर तिने मान हलवली. राहिले तर मी अकरा महिने, ती म्हणाली. मग मी ते खोडून ‘सुखाने राहणं’ याला जे साधे इंग्रजी शब्द आहेत ते लिहिले. वकिलांनी फोन करून विचारलं, ही काय भाषा आहे, कायद्यात असं नसतं. मी म्हटलं, तिचं म्हणणं हेच आहे, तसंच राहू द्या. राहू दिलं त्यांनी.